बाटलीवरची रेघ

मी अठरा वर्षं लातूरमध्ये घरोघरी विजेची मीटरं वाचतोय. या कामाने माणूस बिघडतो. लोक हसतमुखाने चहा विचारतात, तेव्हा माझं लक्ष मीटरच्या सीलकडे असतं. आकडा पुढे सरकायला हवा तेवढा सरकला नाही की मी समजून जातो, इथे काहीतरी गडबड आहे.

अशा माणसाची बायको रोज सकाळी एक लिटरची बाटली भरून नेते आणि दुपारी चारला ती तशीच भरलेली घरी आणते, हे माझ्या नजरेतून कसं सुटणार? ती बसवर कंडक्टर आहे, लातूर-नांदेड गाडीवर. उन्हाळ्यात त्या गाडीचा पत्रा तव्यासारखा तापतो. दिवसभर 'तिकीट, तिकीट' करून घसा कोरडा पडणारी बाई घोटभर पाणी पीत नाही?

वर्षभर तिची तब्येत कुरकुर करत होती. डोकं दुखायचं. लघवीला आग व्हायची. गोळ्या घेतल्या की महिनाभर बरं, मग पुन्हा तेच. चिडचिड तर इतकी, की भाजीला मीठ कमी आहे म्हटलं तर ताट सरकवून उठायची आणि मग मोरीत जाऊन रडायची. आमच्याकडे नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं, म्हणून प्यायला जार घेतो. माझा पहिला संशय त्या जारवर. जारवाला बदलला. मग लोणच्यावर, मग मोबाइलवर. शेवटी, खोटं कशाला बोलू, तिच्यावरच. ही काहीतरी लपवतेय, एवढं मला पक्कं ठाऊक होतं.

डॉक्टरबाईंनी विचारलं, "पाणी किती पिता?"

"पिते की भरपूर."

डॉक्टरबाईंनी रिपोर्ट पुन्हा एकदा बघितला. "किडनीवर ताण आलाय. आत्ता सावरता येईल. असंच चाललं तर पुढे माझ्या हातात काही राहणार नाही." मी घाबरलो. आणि मी घाबरलो की आणखी संशयी होतो.

घरी येऊन मी काळ्या मार्करने बाटलीवर चार रेघा मारल्या. पहिल्या दिवशी पाणी सगळ्यात वरच्या रेघेच्याही वरच होतं. मी तिला बोललो. दुसऱ्या दिवसापासून बाटली रिकामी यायला लागली. खूश व्हायचं सोडून मी फाटकाजवळच्या कढीपत्त्याकडे बघत बसलो. गल्लीतल्या सगळ्या झाडांनी माना टाकलेल्या आणि आमचं तेवढं तरारलेलं. बुंध्याशी माती ओली, तीही बरोबर चारच्या सुमाराला. अशी चोरी मला लगेच कळते.

"झाडाला पाजतीस व्हय?"

"मग काय करू? तुम्ही रेघा मारून राहिलाव."

"आन् सुट्टीच्या दिवशी? तवाबी तू चारपर्यंत पाण्याला शिवत न्हाईस."

"आता तहानच लागत न्हाई. सवय लागली अंगाला." मग एकदम उसळून म्हणाली, "कधी बसलाव का माझ्या गाडीत?"

बसलो नव्हतो. रजा टाकून पुढच्याच आठवड्यात बसलो. तोंडाला रुमाल बांधून मागच्या सीटवर, म्हणजे ती काय करते ते नीट दिसावं. ती तिकिटं देत मागे आली. "नांदेड का? रुमाल काढा, गुदमरताल."

चाकूर गेलं. पुढे रस्त्यात ड्रायव्हरने एका बाभळीपाशी दोन मिनिटं गाडी थांबवली. सात-आठ पुरुष उतरले. सकाळचे दोन चहा झाले होते, मीही उतरलो. परत चढताना तिने विचारलं, "झालं?" आणि डबल बेल दिली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, तरी मला शरम वाटली.

त्यानंतर एका स्टँडवर गाडी दहा मिनिटं थांबते. नाव सांगत नाही, उगाच वाद नको. ती स्टँडच्या खिडकीवर गाडीची नोंद करून आली तोवर चार मिनिटं गेली होती.

"जाऊन ये," मी म्हणालो. "पैशाची बॅग दे माझ्याकडं."

"नवऱ्याकडंबी देता येत न्हाई. आत खुंटी न्हाई, खाली सगळं पाणीच पाणी. आन् दाराला कडी न्हाई."

"कडी न्हाई?" मी सवयीने म्हणालो. "असं कसं असंल?"

"अहो, एवढे दिवस माझ्या पाण्यावर संशय घेतलाव. आता त्या दारावर घ्या की जरा!"

मी तिच्यामागे गेलो. कडीच्या जागी नुसती दोन भोकं होती. ती बॅग गळ्यात अडकवून आत गेली. मी पाठ करून बाहेरून दार ओढून धरलं.

एका म्हातारीने मला खालून वर न्याहाळलं. "ओ, बायांच्या दारापाशी काय करून राहिलाव?" मी लोकांच्या मीटरकडे बघतो, अगदी तसंच ती माझ्याकडे बघत होती. मी दार आणखी घट्ट धरलं.

आतून आवाज आला, "मालक हायत माझे, मावशी. दार धरलंय त्यांनी."

म्हातारीने पिशवी खाली ठेवली. "मग धरा नीट. तिच्यामागं मी जाते." बघता बघता तिच्यामागे तिघी उभ्या राहिल्या. गाडीचा हॉर्न वाजत होता आणि मी दार धरून होतो.

गाडी पाच मिनिटं उशिरा सुटली. तिकिटं देऊन झाल्यावर ती तिच्या सीटवर बसली आणि बाटली उघडून तोंडाला लावली. पाणी पहिल्या रेघेखाली गेलं, दुसरीपाशी आलं. आकडा पुढे सरकताना बघून मला जन्मात एवढा आनंद झाला नव्हता.

ती थांबली. हाताने तोंड पुसलं आणि टोपण घट्ट लावलं.

"आणखी पी की."

"नको," ती तिकिटाचं मशीन उचलत म्हणाली. "उद्या दार कोण धरंल?"