अप्पांचा डावा पाय

हे लिहावं की नाही, बरेच दिवस ठरत नव्हतं. गाडीबद्दल लिहायला बसलो की गाडीवर थांबता येत नाही.

गाडी लाल होती. सेकंडहँड, पाच वर्षं वापरलेली, छोटी पण स्पोर्टी. मागे स्पॉयलर, रुंद टायर, चाकांना काळे अलॉय. मला हिंजवडीत नोकरी लागून दोन वर्षं झाली होती. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला आणि बसायची गाडी घेणाराही पहिला. अप्पांकडे, म्हणजे माझ्या वडिलांकडे, तीस वर्षं टेंपो होता, पण तो मालाचा. मार्केट यार्डातून कांदा-बटाटा भरायचा आणि शहरभर पोचवायचा, एवढंच त्यांचं आयुष्य. नोकरी लागल्यावर मीच त्यांच्या मागे लागलो, "आता बास अप्पा, मी कमावतोय ना." त्यांनी टेंपो विकला. त्यानंतर ते पहाटे उठून नुसतेच दारात बसायचे. लाल गाडी आली तेव्हा मात्र त्यांचा चेहरा उजळला. आता हातात धरायला तेवढं एकच स्टिअरिंग उरलं होतं.

चाकाखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला आणि किल्ली मी अप्पांच्या हातात दिली. टेंपोत बसताना करायचे तसंच त्यांनी आधी स्टिअरिंगला हात लावून तो कपाळाला लावला. मग म्हणाले, "हिच्यात बसलं की रस्त्यावर मांडी घालून बसल्यागत वाटतंय."

"तुमच्या टेंपोतून उतरायला शिडी लागायची, त्यापेक्षा बरं," आई मागून म्हणाली.

दर रविवारी ते आईला धायरीला मावशीकडे घेऊन जायचे. येताना मुद्दाम लांबचा रस्ता घ्यायचे, असं आई सांगायची.

जुनी स्पोर्टी गाडी काय मागते, ते मला हळूहळू कळत गेलं. प्रत्येक स्पीडब्रेकरला पोट घासायचं. महिन्याभरात पुढून खडखड सुरू झाली. सस्पेन्शनचे रबरी बुश गेले होते, सहा हजार. हिंजवडीच्या रस्त्यावर एका खड्ड्यात टायर फाटला आणि अलॉयही वाकला. त्या मापाच्या एका टायरच्या पैशात साध्या गाडीचे दोन आले असते. मग इग्निशन कॉइल गेली. कुठलाही पार्ट विचारला की उत्तर एकच, "मागवावा लागेल." मी इंटरनेटवर रात्र-रात्र वाचत बसायचो. वाचलं की येतं, असं मला वाटायचं. आजवर सगळं वाचूनच तर मिळालं होतं.

एका रविवारी धायरीहून येताना मीही गाडीत होतो. चढावर इंजिन नुसतंच ओरडायला लागलं, गाडी काही पुढे सरकेना. जळका वास आला. अप्पांनी गाडी कडेला घेतली, खाली उतरून वाकले आणि नाक पुढे करून उभे राहिले.

"ह्यात ऑइलचा वास हाय. नुसत्या क्लचप्लेटीचा न्हाय."

"अप्पा, हा टेंपो नाही," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी गाडी एका चकाचक गॅरेजमध्ये नेली. अप्पाही आले. सुपरवायझर माझ्याच वयाचा होता, हातात टॅब.

"क्लच प्लेट गेली, सर. ड्रायव्हिंग हॅबिट. कोणीतरी डावा पाय सतत क्लचवर ठेवून चालवतंय. घरी कोणी जुने ड्रायव्हर आहेत का?"

मी अप्पांकडे पाहिलं. ते टोपी हातात धरून उभे होते.

"ते ऑइल जरा बघा," अप्पा म्हणाले. "मला वास—"

"काका, ते नॉर्मल असतं."

चोवीस हजारांचा आकडा ऐकला आणि माझा तोल गेला. त्या माणसासमोर मी म्हणालो, "तीस वर्षं टेंपो रेटलात, तशीच हिलाही रेटलीत. क्लचवरचा पाय उचलायलाच नको तुम्हाला."

सुपरवायझर टॅबकडे बघत हसला. अप्पा म्हणाले, "बरं."

पुढच्या रविवारी मी किल्ली पुढे केली, तर म्हणाले, "तूच सोड आईला." त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. त्यांच्या लायसन्सची मुदत संपत आली तेव्हा मी फॉर्म आणला. "डोळ्याचं सर्टिफिकेट लागतंय म्हणं. ऱ्हाऊ दे." त्यांना लांबच्या बसवरची पाटी माझ्याआधी दिसायची. माझ्या शेजारी बसले की ते डावा पाय मागे ओढून सीटखाली धरायचे. जागा कमी पडत असेल, असं मी समजलो.

सात महिन्यांनी ऑफिसजवळच्या चढावर इंजिन पुन्हा तसंच ओरडलं. तोच वास. त्या सात महिन्यांत माझ्याशिवाय कोणीही गाडी चालवली नव्हती. मी गाडी कडेला लावली आणि तिथेच बसून राहिलो. बराच वेळ उतरायचं धाडस होईना.

ऑफिसातल्या एकाने शनिवार पेठेतल्या एका म्हाताऱ्या मेकॅनिकचं नाव सुचवलं. त्यांनी गिअरबॉक्स उतरवला, आत बोट फिरवलं आणि ते काळं, ओलं बोट माझ्यासमोर धरलं.

"इंजिनचं मागचं ऑइल सील गळतंय. तेल थेट प्लेटवर. प्लेट घसरते, मग जळते."

"कधीपासून असेल?"

"आपण गाडी घेतलीत त्याच्या आधीपासून. तेलाचा थर बघा की केवढा आहे."

"म्हणजे क्लचवर पाय ठेवल्यामुळे नाही?"

"पायातून ऑइल गळतं का?" त्यांनी बोट फडक्याला पुसलं. "गळक्या छपराखाली नवी गादी अंथरलीत आपण. इंजिनिअर ना?"

"हो."

"कशातले?"

"कॉम्प्युटर."

"मग ठीक आहे." ते पुन्हा आत वाकले. "सील सातशेचं आहे. पण प्लेट पुन्हा घालावी लागणार. अहो, आधी वास येतो याचा. कोणी सांगितलं नाही?"

"सांगितलं होतं," मी म्हणालो.

काढलेलं सील मी घरी नेलं. काळ्या रबराची एक चकती. अप्पांच्या हातावर ठेवली आणि सगळं सांगितलं. त्यांनी ती उलटीसुलटी केली, नाकाजवळ नेली.

"म्हंजे पाय न्हवता."

"नव्हता, अप्पा. चुकलं माझं."

त्यांनी चकती माझ्या हातात परत ठेवली. मग म्हणाले, "तू शिकलेला. मला वाटलं, तुला दिसलं आसंल. आपलं आपल्याला कुटं कळतंय."

ते बाहेर गेल्यावर आई हळूच म्हणाली, "रोज झोपताना मला विचारायचे, माझा पाय जड झालाय का गं? टेंपोच्या किती प्लेटी आपणच जाळल्या आसतील, ते मोजत बसायचे."

दसऱ्याला अप्पांनी मार्केट यार्डातून झेंडू आणला. गाडी स्वतः धुतली, हार ओवून पुढे बांधला. आई मावशीकडे जायला तयार होऊन दारात उभी होती. मी किल्ली त्यांच्यासमोर धरली. लायसन्सचं बघू नंतर, गल्लीच्या तोंडापर्यंत तरी न्या, असं काहीतरी बोललो.

त्यांनी हात धोतराला पुसले आणि किल्ली घेतली. दार उघडलं, वाकून स्टिअरिंगला हात लावला, तो कपाळाला लावला. मला वाटलं, आता बसतील. त्यांनी किल्ली जागेवर लावली, दार उघडंच ठेवलं आणि गाडीला वळसा घालून डावीकडच्या सीटवर जाऊन बसले.

"चल," म्हणाले, "आई थांबलीय."

मी आत बसलो. त्यांनी डावा पाय मागे ओढून घेतला होता.