रोजची साखळी

प्लास्टरने हात आधी पांढरे होतात, मग कोरडे पडतात, आणि मग बोटांच्या पेरांवर बारीक चिरा जातात. माझ्या स्टुडिओत साच्यांत प्लास्टर ओतणाऱ्या मंदाताईंच्या बोटांकडे आज सकाळी लक्ष गेलं आणि दिवसभर तोंडाची चव गेली.

आमच्या प्रयोगाचं नाव 'मुक्ती'. शिल्प माझं, नाच माझ्या मैत्रिणीचा. रंगमंचावर मी घडवलेली बाई उभी असते आणि तिच्या हातातली प्लास्टरची साखळी मैत्रिणीच्या मनगटाला बांधलेली असते. शेवटच्या गिरकीत मैत्रीण ती साखळी तोडते. लोक उभे राहून टाळ्या वाजवतात, कुणाकुणाचे डोळेही भरून येतात.

तुटलेलं प्लास्टर पुन्हा जोडत नाहीत. प्रत्येक तालमीला नवी साखळी लागते आणि ती मंदाताई ओततात. प्रयोगाच्या वेळी त्या विंगेत केरसुणी घेऊन थांबतात. तिथून त्यांना नाचणारीची पाठ तेवढी दिसते.

मुक्तीवर आम्ही दोघी तासभर बोलू शकतो. ती लोकांना दाखवायची तर आधी बेडी हवी, आणि बेडी ओतत बसायला आमच्यासारख्यांना वेळ कुठे असतो?

साच्यातून कडी सोडवताना मंदाताईंनी विचारलं, "मॅडम, एखाद्या दिवशी त्या ताई साखळी न तोडता नाचल्या तर नाही का चालणार?"

मी त्यांच्या बोटांकडे पाहत होते.

"कड्या जरा पातळ ओता," मी म्हटलं. "तिच्या मनगटाला लागतं."