मलाही येतात आवाज

लॉन्ड्रीत इस्त्री करणाऱ्या त्या बाईला सगळे ताई म्हणत. मधली काही वर्षं मात्र तिला कुणी हाकच मारत नव्हतं. कानात माणसं बोलायची, घालूनपाडून बोलायची. त्यांना उत्तरं देता देता तिचं काम सुटलं, नवरा सुटला. मनोरुग्णालयातून परतल्यावर भावाने मागची खोली दिली. वहिनी वाईट नव्हती. फक्त मुलांना तिच्याजवळ एकटं सोडत नसे.

गोळ्यांनी आवाज गेले नाहीत, लांब गेले. शेजाऱ्यांकडे भांडण चालावं तसे. तेवढ्यावर ती पुन्हा कामाला लागली.

रुग्णालयात दर आठवड्याला सावरलेली माणसं नव्या पेशंटांसोबत बसत. डॉक्टरांनी ताईला एका घड्याळजीसमोर बसवलं. कित्येक महिने तो कुणाशी बोलला नव्हता. ताईला उपदेश सुचेना. ती म्हणाली, "मलाही येतात आवाज. आत्ताही येतायत."

त्याने मान वर केली. "काय म्हणतात?"

"म्हणतात, ही मोठी शहाणी लागून गेली."

घड्याळजी हसला. दाराशी उभ्या त्याच्या बायकोला रडू आवरेना.

त्याचे आवाज घड्याळांतून यायचे, म्हणून त्याने दुकानच बंद केलं होतं. त्याला घरी सोडल्यावर ताई सुट्टीच्या दिवशी त्याच्यासोबत तिथे बसू लागली. एकेक घड्याळ चालू करायचं आणि आत कुणी बोलतंय की नुसतीच टिकटिक आहे, ते त्याने सांगायचं. हळूहळू त्याने हत्यारं हातात घेतली. मग बरं वाटतंय म्हणून गुपचूप गोळ्या सोडल्या. एका दुपारी त्याने दुकानातली सगळी घड्याळं फोडली.

त्याला पुन्हा भरती केलं. ताई वॉर्डात भेटायला गेली, तर तो भिंतीला चिकटला. "ही खरी नाही. ही त्यांच्यातलीच आहे," म्हणाला आणि त्याने कान गच्च दाबून घेतले.

त्या आठवड्यात तिचे आवाज शेजारून पुन्हा घरात आले. तूच त्याला बिघडवलंस, म्हणू लागले. ती आपणहून डॉक्टरांकडे गेली. गोळ्या वाढल्या, हात थरथरू लागले. लॉन्ड्रीच्या मालकाने तिच्याकडचे शर्ट काढून घेतले, इस्त्रीला फक्त चादरी ठेवल्या.

अजूनही ती वॉर्डात जाते. त्याला दिसणार नाही अशी बाहेरच्या बाकावर बसते. एकदा त्याच्या बायकोने विचारलं, "सुधारतील का हो?"

"माहीत नाही," ताई म्हणाली. "मीही दोनदा परत आत आले होते."

बायको तिच्याशेजारी बाकावर बसली. भेटीची वेळ संपेपर्यंत दोघी तशाच बसून राहिल्या.