डहाणूच्या तिवरांत ताईची शाळा

आईने मला डहाणूला पाठवलं ते वैशालीताईचं मन वळवायला. ताई तिथे वनरक्षक. किनाऱ्यावरची तिवरं, म्हणजे खारफुटीची झाडं, राखायची आणि शाळेच्या मुलांना ती दाखवायची, हे तिचं काम. "मुलं तोंडच उघडत नाहीत गं," असं ती फोनवर म्हणायची. बदलीचा अर्ज लिहून तयार होता, फक्त द्यायचा होता. आईला वाटत होतं, मी थोडं ढकललं की पोरगी नाशिकला परत येईल.

२०१७ चा डिसेंबर. नाशिकहून सकाळची एसटी धरली. जव्हारचा घाट वळणावळणाचा आहे, पोट नाजूक असेल तर पुढची सीट धरा. दुपारी चारोटीला उतरले. ताई स्कूटी घेऊन उभी होती. हायवेवरच्या टपरीत गरम भजी खाल्ली आणि चिकूच्या वाड्यांमधून डहाणू गाठलं. चिकू रस्त्याकडेच्या बायकांकडूनच घ्या, त्या पिकलेले निवडून देतात.

दुसऱ्या दिवशी तलासरीकडच्या आश्रमशाळेची पाचवी तिवरं बघायला येणार होती. पाड्यांवरची मुलं, बहुतेकांनी समुद्र पाहिलेला नव्हता. (तुम्हीही जाणार असाल तर ओहोटीची वेळ आधी विचारून घ्या आणि चिखलात जाईल अशी चप्पल घाला.)

ताईने तक्ते लावले. खारफुटी, श्वसनमुळं, परिसंस्था. तीस मुलं पायाच्या अंगठ्याने चिखल उकरत राहिली. प्रश्न विचारला की माना खाली. त्यांचे गुरुजी घड्याळ बघायला लागले. ताईच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. लहानपणापासून रडू आवरताना तिचं असंच होतं.

तेवढ्यात तिने तक्ते गुंडाळून माझ्या हातात दिले आणि मुलांसमोर उकिडवी बसली.

"तुमच्या शेतात खेकडे कसे धरता? मला येत नाही."

जयू नावाची बारकीशी मुलगी पुढे आली.

"बाई, बिळाच्या तोंडाशी ओला चिखल आहे ना, म्हणजे तो घरात आहे."

"चावला तर?"

"नाय चावत. मागून धरायचा."

कोपरापर्यंत हात घालून तिने खेकडा वर काढला, उलटा केला आणि लगेच ओरडली, "अंडी आहेत! हिला सोडायची."

"का गं?" ताईने विचारलं.

"मग पुढच्या वर्षी काय धरायचं?"

ताईच्या तक्त्यावर हेच चार ओळींत लिहिलेलं होतं. जयूने खेकडीण बिळाशी ठेवली आणि मग नुसता गलका झाला. चिखलातून वर आलेली मुळं बघून एकजण म्हणाला, "बाई, झाड नाक वर काढून बसलंय!" ताई इतकी हसली की चिखलातच बसली. गुरुजी चपला हातात घेऊन बिळं शोधत होते. निघताना म्हणाले, "मॅडम, पुढच्या महिन्यात सातवी आणू?"

संध्याकाळी चिंचणीला गेलो. बांबूंवर बोंबील वाळत होते. ताई म्हणाली, "आईला सांग, अर्ज फाडला." मी एका शब्दाने अडवलं नाही.

घरी आल्यावर आई दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मी तिला मोबाइलवरचा फोटो दाखवला: गुडघाभर चिखलात ताई, आणि भोवती तीस मुलं एकाच वेळी बोलतायत. आईने तो बराच वेळ धरून ठेवला.

"किती वाळलीय," ती म्हणाली. आणि मग, "आपण कधी जायचं?"