टाचेवरच्या उड्या

रोगाची साथ आली आणि वसतिगृहातल्या मुली आपापल्या खोलीत कोंडल्या गेल्या. डबा दाराशी ठेवला जायचा, पावलं लांब गेली की दार उघडायचं. मुलींची मनं खचू नयेत म्हणून कॉलेजनं सकाळी मोबाईलवर व्यायामाचा तास सुरू केला. शिकवायला व्यायामाच्या मॅडम. त्याही तळमजल्यावरच्या खोलीत तशाच अडकलेल्या. मॅडम खुर्चीत बसून हुकूम सोडत. स्वतः घामाचा थेंब गाळत नसत.

त्यांच्या बरोबर वरच्या खोलीत धाकटी राहायची. सूतगिरणीत राबणाऱ्या बाईचं शेंडेफळ, म्हणून धाकटी. एका सकाळी उठाबशा काढताना ती धपकन बसली.

मॅडम म्हणाल्या, "अगं ए पोतं, जपून! शिवण उसवेल!"

पडद्यावरच्या चौकोनाचौकोनात दात दिसले. तेव्हापासून मुलींनी तिचं नाव पोतं ठेवलं. त्या शरमेनं धाकटी अंथरुणातून उठेनाशी झाली. डबा दाराबाहेर गार व्हायचा, पुस्तकांवर धूळ बसली. शिक्षण सोडून घरी जायचं तिनं पक्कं केलं.

आईचा फोन आला. "जेवलीस का?"

"जेवले."

"खोटं बोलू नकोस. आवाज उपाशी आहे तुझा."

मग सगळं बाहेर आलं. आई रडली नाही, समजूतही काढली नाही. "सोडून येतेस? ये खुशाल. पण हिशेब चुकता करून ये. आणि सूड पोटभर जेवून घ्यावा, बाई. उपाशी माणसाचा राग दुपारपर्यंतसुद्धा टिकत नाही."

धाकटीनं डबा आत घेतला आणि चाटूनपुसून खाल्ला.

दुपारी मॅडम झोपायच्या. त्यांचं घोरणं खिडकीतून वर यायचं. धाकटीनं कपडे वाळत घालायची दोरी सोडली आणि उड्या मारायला लागली. दोरीवर उडताना चवड्यावर उतरायचं, म्हणजे आवाज होत नाही आणि पाय शाबूत राहतात. हे तिला माहीत होतं. ती मुद्दाम टाचेवर उतरली. धब्ब. धब्ब. नडग्या ठणकल्या, दम लागला, पण थांबली नाही. खालून झाडूच्या दांड्यानं ठोकल्याचा आवाज आला तेव्हा किती दिवसांनी तिला हसू फुटलं.

रोज दुपारी तेच. तिला भूक लागायला लागली, झोप लागायला लागली. मॅडमची मात्र उडाली.

मॅडमचा फोन आला. "तुझ्याच खोलीत उड्या चालल्यात ना?"

"छे हो मॅडम. पोतं कधी उड्या मारतं का?"

मॅडमनी जांभई दाबली. मग, "बरं बाई, चुकलं माझं. झालं समाधान?"

"नाव सगळ्यांसमोर ठेवलंत. माफी कानात मागताय?"

आणखी चार दुपारी गेल्या. पाचव्या सकाळी मॅडम पडद्यावर आल्या त्या सुजल्या डोळ्यांनी. घसा खाकरून म्हणाल्या, "मी एका मुलीला भलतंच बोलले. माफ कर, धाकटे."

"मॅडम, आवाज तुटतोय," धाकटी म्हणाली.

त्यांनी पुन्हा सांगितलं.

"शेवटचं ऐकू नाही आलं."

आता बाकीच्या चौकोनांतल्या मुली हसू दाबत होत्या, आणि नजरा मॅडमवर होत्या. एक म्हणाली, "माझ्याकडेही अडकलं, मॅडम." मॅडमनी तिसऱ्यांदा, जवळजवळ ओरडून, माफी मागितली.

"आता आलं," धाकटी म्हणाली. "चला, उठाबशा घ्या. आणि मॅडम, खुर्चीतून उठून दाखवा की, आम्हाला नीट कळत नाही."

मॅडम उठल्या. दहाव्या बैठकीला त्यांची मांडी थरथरायला लागली. धाकटीनं नीट बघून घेतलं.

दुपारी आईनं विचारलं, "मग? येतेस ना घरी?"

"नाही गं. परीक्षा देऊनच येईन."

"आणि त्या बाईला माफ केलंस?"

"केलं ना." धाकटीनं फोन खाटेवर ठेवला, दोरी उचलली आणि टाचेवर उतरली. उड्या बंद करते असं ती कुणालाच म्हणाली नव्हती.