कॉपीबाईचं अकरा पुस्तकांचं दुकान

छापखान्यात तिला सगळे कॉपीबाई म्हणत. कॉपी म्हणजे लेखकाकडून आलेली मूळ प्रत. मुद्रितं तपासणारा छापलेल्या कागदावर नजर खिळवून बसायचा आणि टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसून कॉपीबाई मूळ प्रत मोठ्यानं वाचायची, विरामचिन्हांसकट. ‘सदर इमारत स्वल्पविराम जी पूर्वी गोदाम होती स्वल्पविराम पाडण्यात येईल पूर्णविराम नवा परिच्छेद.’ कायद्याची पुस्तकं, वेळापत्रकं, औषधांच्या याद्या, एकतीस वर्षं सगळं तिच्या घशातून गेलं. त्यातलं एक अक्षरही तिचं नव्हतं. घरी भांडण झालं की शेवटी ती ‘पूर्णविराम’ म्हणायची आणि नवरा चपापायचा, कारण त्यापुढे आठवडाभर घरात नुसती भांडी बोलत.

छापखाना बंद पडला तेव्हा ती एकोणसाठ वर्षांची होती. मालकानं सगळ्यांना एकाच मजकुराचं पत्र दिलं. नाव आणि हुद्दा यांची जागा तेवढी पेनानं भरली होती. तिच्या पत्रात हुद्दा होता ‘मदतनीस’. तिनं ते पत्र घरी आणलं नाही. फाटकाजवळच्या रद्दीच्या ढिगावर ठेवलं आणि त्याच्यावर एक वीट ठेवली, उडून कोणाच्या हाती लागू नये म्हणून.

साठाव्या वर्षी ती संगणकाच्या वर्गात जाऊन बसली. शिकवणारी मुलगी प्रेमानं म्हणाली, “आजी, तुम्हाला नातवंडांचे फोटो पाठवायला शिकायचंय ना?”

“नाही,” कॉपीबाई म्हणाली. “मला दुकान टाकायचंय.”

“कसलं?”

“पुस्तकांचं. माझ्या.”

ही गोष्ट घरी कळली तेव्हा नवरा जेवत होता. तो पाणीखात्यात मीटर वाचायचा. निवृत्तीनंतर वाचायला मीटर उरले नाहीत, तेव्हा बायकोला वाचत बसायचा. “साठी बुद्धी नाठी म्हणतात ते काही उगाच नाही,” तो म्हणाला.

“म्हणजे साठीपर्यंत होती एवढं तरी मान्य केलंत. वाढू अजून?”

मुलगा दुसऱ्या शहरात नोकरीला होता. त्यानं फोनवर समजुतीच्या सुरात सांगितलं की ऑनलाइन धंद्यात मोठमोठे बुडालेत, या वयात कशाला विकतचं दुखणं. ती ऐकत होती. त्याचं संपल्यावर म्हणाली, “दुखणं विकतच घ्यायचं तर निदान मला हवं ते घेते.”

काय छापायचं हे मात्र तिला एका नळवाल्यानं सुचवलं, त्याच्या नकळत. मोरीतला नळ गळत होता. त्यानं जुन्या चपलेचा तुकडा कापून आत बसवला आणि गळती थांबली. ती म्हणाली, हे लिहून ठेवा कुठेतरी. तो हसला. “आम्ही लिहिणारे असतो तर नळ कशाला दुरुस्त केले असते बाई.”

“मग बोला. लिहायचं मी बघते.”

तिथून सुरुवात झाली. कुलूपवाला, छत्रीवाला, वेताच्या खुर्च्या विणणारी म्हातारी, काच कापणारा, सुऱ्यांना धार लावणारा. ज्यांच्या हातांत विद्या होती आणि जिभेवर ‘असं करायचं, मग असं करायचं’ यापलीकडे शब्द नव्हता, त्यांच्यासमोर ती वही घेऊन बसायची. हात काय करतात ते बघून वाक्य लिहायची. पुस्तक पुरं झालं की ते त्या माणसाला पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवायची. दर पायरीला त्यानं ‘हं’ म्हणायचं. ‘हं’ आला नाही तर पुस्तक निघायचं नाही, असा तिचा नेम होता.

चाळीस-पन्नास पानांची ही पुस्तकं लोक तिच्या ऑनलाइन दुकानातून उतरवून घेऊ लागले, आधी बिचकत, मग एकमेकांना सांगत. एका बोटीवरच्या स्वयंपाक्यानं धार लावायचं पुस्तक घेतलं आणि कळवलं की आता कांदा आपणहून बाजूला होतो. तीन वर्षांत अकरा पुस्तकं झाली. मग ऑनलाइन पुस्तकं विकणाऱ्या एका मोठ्या कंपनीचा फोन आला. त्यांना अकराच्या अकरा हवी होती. त्यांच्या पानावर, त्यांच्या जाहिरातीत, हजारो वाचकांपुढे. करार शुक्रवारी व्हायचा होता. नवऱ्यानं पहिल्यांदाच शेजाऱ्याला सांगितलं की आमच्या हिचं प्रकाशन आहे.

सोमवारी एका वाचक बाईचं पत्र आलं. ती घरी शिवणकाम करायची. तिनं कॉपीबाईचं अकरावं पुस्तक घेतलं होतं, शिलाई मशीन घरच्या घरी कसं दुरुस्त करावं ते. पत्र छोटं होतं.

‘पुस्तकात सांगितलं तसंच केलं. सुईखालचा, दोरा पकडणारा हुक उजवीकडे सरकवला. तीन सुया मोडल्या आणि हुकाला ओरखडा पडला. मशीन बंद आहे, आणि मशीन बंद म्हणजे मी बंद. तुमचा मिस्त्री खरा आहे का, की नुसताच छापलाय?’

कॉपीबाईनं ते दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा मोठ्यानं. मग पुस्तकातलं हुकाचं पान छापून घेतलं आणि चपला पायांत सरकवून मशीनवाल्या मिस्त्रीच्या दुकानात गेली.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. भिंतीला पट्ट्यांचे झुबके, बश्यांमध्ये स्क्रू, मध्ये तेलानं काळं झालेलं टेबल. मिस्त्री पासष्टीचा, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. त्यानं पान डोळ्यांजवळ धरलं आणि हसायला लागला. “उजवीकडे? उजवीकडे घेतला तर सुई हुकावरच आपटणार. डावीकडे घ्यायचा तो. हे कोणी लिहिलं?”

“मी. आणि तुम्हाला वाचून दाखवलं. तुम्ही हं म्हणालात.”

मिस्त्रीचं हसू उतरलं. त्यानं पान खाली ठेवलं. “वाचा बरं परत.”

तिनं वाचलं. “तळाचे दोन स्क्रू ढिले करा पूर्णविराम. हुक किंचित उजवीकडे सरकवा पूर्णविराम.”

तो डोळे मिटून ऐकत होता आणि रिकाम्या टेबलावर त्याचा हात चालला होता. हात डावीकडे गेला. “हं,” तो म्हणाला, आणि डोळे उघडून स्वतःच्या हाताकडे बघत राहिला, जणू तो कोणीतरी विसरून गेलेला हात असावा.

“बघितलंत?” तो हळू म्हणाला. “चाळीस वर्षं झाली. हा माझं ऐकत नाही, तुमचं काय ऐकणार. तुम्ही काहीही वाचा, हा बरोबरच जातो.”

कॉपीबाई स्टुलावर बसली. गिऱ्हाइकाच्या बाजूला, टेबलाच्या पलीकडे. पुस्तक लिहितानाही ती इथेच बसली होती. मिस्त्रीचं डावं ते तिचं उजवं. तिनं डोळ्यांना दिसलं ते प्रामाणिकपणे लिहिलं होतं. आणि ती फक्त इथेच अशी बसली नव्हती. कुलूपवाल्यासमोर, काच कापणाऱ्यासमोर, म्हातारीसमोर, सगळीकडे ती समोरच बसली होती. एकतीस वर्षांची सवय. दुसऱ्या कुठल्या बाजूला बसता येतं हे तिला सुचलंच नव्हतं.

“हे आता लोकांना कळणार?” मिस्त्रीनं विचारलं.

“कळवावं लागेल.”

“नाव माझं आहे बाई त्याच्यावर. मोठ्या अक्षरात. लोक म्हणतील मिस्त्रीला डावं-उजवं कळत नाही. मी आता आणखी किती वर्षं बसणार आहे इथे? जायच्या वेळी एवढं एकच नाव उरतं माणसाजवळ.”

तिनं पान उचललं, घडी घातली आणि उठली.

घरी आल्यावर मुलाला फोन केला, कारण कुरकुरत का होईना, दुकानाचं इंटरनेटवरचं पान त्यानंच बांधून दिलं होतं. त्याला हायसं वाटलं. “एवढंच ना? फाईल बदल. एक शब्द. दोन मिनिटांचं काम. त्या बाईला नवीन हुक पाठव, गोड बोल, विषय संपला.”

“आणि बाकीचे?”

“बाकीच्यांनी तक्रार केलीय का? नाही ना? झाकली मूठ सव्वा लाखाची, आई. शुक्रवारवर आलंय सगळं.”

“झाकल्या मुठीनं सुईत दोरा ओवून दाखव मला.”

“तू ना,” तो म्हणाला आणि पुढचं गिळलं.

“दहा पुस्तकांत आणखी काय उलटं गेलंय मला ठाऊक नाही. काचेच्या पुस्तकात गेलं असेल तर कोणाचं तरी बोट जाईल. माझ्या पानावर ते एक तासही राहायला नको. अकराही खाली उतरव.”

“दुकान बंद करतेस?”

“दुकान माझंच आहे. दार लावून आत झाडू मारतेय.”

नवरा शेजारी बसून सगळं ऐकत होता. त्याला वाटलं आता आपणही काहीतरी बोललं पाहिजे. “अगं, मीटर वाचताना माझ्याकडूनही आकडे इकडचे तिकडे व्हायचे. पुढच्या महिन्यात आपोआप जुळायचे.”

“पुढच्या महिन्यात. मधला महिना कोणी भोगला?”

तो वर्तमानपत्राच्या मागे गेला. थोड्या वेळानं मागूनच म्हणाला, “चहा टाकू का?” लग्नाला अडतीस वर्षं झाली होती. हे वाक्य तिनं त्याच्या तोंडून आजवर दोनदाच ऐकलं होतं, दोन्ही वेळा ती आजारी असताना. “टाका,” ती म्हणाली. “आणि मी आजारी नाहीये.”

छापखान्यात पुस्तक छापून झाल्यावर चूक सापडली तर शुद्धिपत्र म्हणून एक चिठ्ठी छापत आणि प्रत्येक प्रतीत हातानं चिकटवत. मालक ती चिठ्ठी शेवटच्या पानामागे लपवायला सांगायचा. कॉपीबाईनं आपली चिठ्ठी दुकानाच्या अगदी दर्शनी भागात लावली. अकरा मुखपृष्ठं होती तिथे आता पांढरी जागा, आणि वर एवढाच मजकूर:

‘या दुकानातली पुस्तकं मी कारागिरांच्या समोर बसून लिहिली. त्यामुळे त्यांचं डावं मी उजवं लिहिलं असण्याची शक्यता आहे. शिलाई मशीनच्या पुस्तकात तसं झालंय. मिस्त्रींनी बरोबर दाखवलं होतं, चूक माझी एकटीची आहे. नीट केलेली प्रत येईपर्यंत यातल्या कुठल्याही पुस्तकावर हात चालवू नका.’ खाली तिचं नाव आणि हुद्दा: प्रकाशक.

हाच मजकूर तिनं पुस्तकं घेतलेल्या प्रत्येकाला पाठवला, एकेकाचं नाव घालून. त्याला दोन दिवस गेले. काहींनी पैसे परत मागितले, तिनं दिले. काहींनी शिव्या दिल्या, त्या घेतल्या. बोटीवरच्या स्वयंपाक्यानं लिहिलं की तो डावखुरा आहे, म्हणून त्याचं नशिबानं बरोबर जमलं होतं. शिवणकाम करणाऱ्या बाईला मिस्त्रीनं आपल्या बशीतला हुक पाठवला आणि तो कसा बसवायचा ते फोनवर स्वतः सांगितलं. ती त्याला म्हणाली, “म्हणजे तुम्ही खरे आहात.” हे त्यानं नंतर कॉपीबाईला तीनदा सांगितलं.

गुरुवारी कंपनीच्या माणसाचा फोन आला. गोड आवाज, प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘मॅडम’. “मॅडम, ती नोटीस काढून टाका. ऑनलाइनमध्ये जुनं काही उरतच नाही. बदललं की ते पहिल्यापासून तसंच होतं.”

“ज्यांनी घेतलंय त्यांच्या घरी उरलंय ना.”

“मॅडम, चूक कोण करत नाही? आमच्याकडे रोज होतात. आम्ही कबूल करत बसलो तर दुकान चालेल का?”

“तुमचं चालतंय त्याचं रहस्य कळलं मग.”

“उद्या सही करायची असेल तर पान स्वच्छ पाहिजे, मॅडम. नोटीस राहिली तर आम्हाला विचार करावा लागेल. या वयात अशी संधी पुन्हा येईल का, याचा तुम्हीही विचार करा.”

“माझं वय तुमच्या करारात कुठल्या कलमात आहे?”

“तसं नाही मॅडम...”

“नसेल तर मध्ये आणू नका. एकतीस वर्षं मी दुसऱ्यांचं वाचलं आणि चूक निघाली की दुसऱ्यांची निघाली. ही पहिली माझी आहे. पुसायला देणार नाही. पूर्णविराम.”

फोन ठेवून तिनं अकराही पुस्तकांच्या वह्या टेबलावर काढल्या. अकरा पुस्तकं पुन्हा उभी राहतील की नाही, हे तिला ठाऊक नव्हतं. राहिली तरी घेणारे परत येतील की नाही, तेही नाही. तिला एवढंच ठाऊक होतं की उद्या सही घ्यायला कोणी येणार नाही आणि तिला उद्या काम आहे.

शुक्रवारी सकाळी ती मिस्त्रीच्या दुकानात गेली. टेबलाला वळसा घालून सरळ त्याच्या खुर्चीवर जाऊन बसली. मिस्त्री उभाच राहिला.

“तुम्ही वाचा,” तिनं पानं त्याच्या हातात दिली. “हात मी चालवते. तुमच्या हातावर माझा आता विश्वास नाही, फार हुशार आहे तो.”

“मी वाचू? चौथीनंतर मोठ्यानं वाचलं नाही बाई.”

“मीसुद्धा आजवर स्क्रू फिरवलेला नाही.”

त्यानं घसा खाकरला, दोऱ्यानं बांधलेली काडी कानामागे नीट बसवली आणि बोट ठेवून एकेक शब्द उचलत वाचू लागला. तिनं मशीन आडवं केलं. तळाचे स्क्रू शोधायलाच बराच वेळ गेला, स्क्रूड्रायव्हर दोनदा निसटला, बोटांना काळं तेल लागलं. एक पायरी तर अशी निघाली की पुस्तकात ती नव्हतीच. मिस्त्रीचा हात ती न सांगता करत आला होता, म्हणून तिला कधी दिसलीच नव्हती. तिनं तेलकट बोटांनीच ती कागदाच्या कडेला लिहिली.

“पुढचं वाचू?” मिस्त्रीनं विचारलं.

“थांबा,” ती म्हणाली. “मी अजून तिथं पोचले नाही.”