ढोल थांबला की फोटो

स्वतःच्या आईचा चेहरा शोधायला तुम्हाला कधी दुसऱ्याच्या दुकानाची पायरी चढावी लागली आहे का? मला लागली. आणि तीही भागवतच्या.

भागवत म्हणजे आमच्या तलवाड्याचा फोटोवाला. लग्नात ढोल वाजवणाराही तोच. मी धर्मराज. शाळा सातवीपर्यंत, बाकी सगळं मोर्च्यात आणि तहसीलच्या व्हरांड्यात शिकलो. बारा वर्षं माईकवर ओरडतोय, वाळूच्या ट्रकांपायी अंगावर केसेस घेतल्यात. तरी माझ्या सभेत माणसं तंबाखू मळत बसतात. आणि या भागवतनं ढोलावरचा हात नुसता थांबवला, की आख्खा मांडव मान वळवून बघतो. जळतो मी त्याच्यावर. लपवून काय करू?

हात थांबवायचा हा हुन्नर त्याच्या बापाचा, सटवाचा. सटवा मेंढरं राखायचा. एका वर्षी कळप घेऊन परळीकडं गेलता, तिथं एका फोटोवाल्यानं गंमत म्हणून त्याचा फोटो काढला. स्वतःला कागदावर बघून गडी येडाच झाला. दोन मेंढे देऊन त्या माणसाचा जुना कॅमेरा घेऊनच परतला. बापानं काठीनं झोडपलं, पण कॅमेरा काही सुटला नाही. ढोल तर घरात पिढ्यांपासून होताच.

सटवाच्या ध्यानात आलं, की ‘इकडं बघा’ म्हटलं की आमची माणसं खांबासारखी ताठ होतात. मग त्यानं युक्ती काढली. ढोल कमरेला, कॅमेरा गळ्यात. दणकून वाजवायचं आणि ऐन रंगात एकदम थांबायचं. काय झालं म्हणून सगळे वळायचे. तेवढ्यात काठी दातात, कॅमेरा डोळ्याला, खटक! म्हणून सटवाच्या फोटोत कुणी ताठ नाही. कुणाचा घास तोंडातच, कुणाचं हसू अर्धं. त्याची बायको साखराबाई घरातल्या खिडक्यांना गोधड्या लावून, अंधारात ते फोटो धुवायची. तिला अक्षर वाचता येत नव्हतं, पण तिनं धुतलेला फोटो अजून पिवळा पडलेला नाही. आता भागवतची बायको योगिता कॉम्प्युटरवर फोटो काढून देते, पण मांडवात ढोल अजून तसाच थांबतो.

यंदा सटवाच्या वर्षश्राद्धाला भागवतनं गावात सांगितलं, बाबाचे जुने फोटो दुकानात लावलेत, आपापली माणसं ओळखा, खाली नाव लिहा आणि कॉपी घेऊन जा. आठवडाभर दुकानापुढं गर्दी. म्हातारे रडत बाहेर यायचे. पेपरात अर्ध्या पानाची बातमी आली. माझ्या उपोषणाला दोन ओळी आल्या होत्या, त्यातही नाव चुकलेलं.

सातव्या दिवशी मी गेलो. माझी आई मनकर्णा मी दोन वर्षांचा असताना वारली. बापानं दुसरं लग्न केलं, नव्या आईपुढं जुनीचं नावही निघायचं नाही. घरात तिचा एक फोटो नाही. ती दिसायला कशी होती, मला माहीत नाही.

“या नेते,” भागवत म्हणाला. “आज मोर्चा इकडं कावून?”

“फोटो बघायला आलोय. भाषण ठोकायला न्हाई.”

“लई उपकार झाले. बघा मग.”

भिंतीवर साखराबाईचेच वीसेक फोटो. पाणी शेंदताना, कोकराला पाजताना, नवऱ्यावर डाफरताना. ह्याची आई जिवंत, वर तिचे एवढे फोटो! मी तीनदा भिंत चाळली. आईचं नाव नाही. टाळकं सरकलं.

“आमची आई गावात राहत न्हवती का बे? तुझ्या बापाला ती तेवढी दिसली न्हाई?”

“बाबाचं नाव काढू नको, धर्मा.”

“काढणार! गरिबाची बाई म्हणून वगळली!”

आतून साखराबाई आल्या. “घसा सांभाळ. ही बघ तुझी आई.”

एका लग्नातला फोटो. ढोल थांबलाय, सगळा मांडव वळलाय. एकच बाई पाठमोरी, चौकड्यांचं लुगडं. साखराबाईंचं बोट तिच्यावर.

“मनकर्णाला ऐकू येत न्हवतं, लेकरा. ढोल वाजला काय अन् थांबला काय. सगळ्या फोटोंत ती अशीच हाय.”

आई बहिरी होती, हे मला माहीत होतं. पोरं त्यावरून चिडवायची, मी दगड मारायचो. पण हे कधी डोक्यात आलं नव्हतं. तिच्या खांद्यावरून एक पोर थेट कॅमेऱ्याकडं बघतंय. ते मी. मला ऐकू आलं होतं.

भागवत हळूच म्हणाला, “तुझ्या तोंडावरनं कॉम्प्युटरवर तिचा चेहरा करून देतो. आजकाल सगळेच करतेत.”

“माझं तोंड तिला चिकटवू नको,” मी म्हणालो. आवाज चढवायचा होता, चढला नाही.

साखराबाईंनी पाणी दिलं. म्हणाल्या, हा फोटो काढला त्याच साली, अठ्ठ्याऐंशीच्या उन्हाळ्यात, आई मैत्रिणीच्या लग्नाला गेवराईला गेली होती. मैत्रीण भिवराबाई. तिथं ढोल नव्हता, गेवराईचा फोटोवाला होता. तो समोर उभा राहून फोटो काढायचा. भिवराबाई आता नाही, सासरची माणसं कुठं गेली कुणाला ठाऊक नाही. “तुझ्या आईच्या हनुवटीवर तीन ठिपके गोंदलेले होते,” त्या म्हणाल्या. “अन् डावा डोळा जरासा बारीक.”

मला हे अडतिसाव्या वर्षी कळलं.

तेव्हा वाचणाऱ्यांनो, तुमच्या घरात अठ्ठ्याऐंशीच्या गेवराईच्या लग्नाचा अल्बम असेल, तर आज पेटी उघडून बघा. हनुवटीवर तीन ठिपके असलेली बाई दिसली, तर तो फोटो तलवाड्याला घेऊन या. भागवतचं दुकान स्टँडसमोरच आहे, तुम्ही सवयीनं तिथंच जाल. नका जाऊ. आधी माझ्या घरी या.